काकूंचं तिकीट आणि डाळिंबावरचा दोरा

नमस्कार मंडळी, कसे आहात? आमच्या साखर पेठेतल्या शेजारच्या काकू पहिल्यांदाच लेकीकडे न्यूयॉर्कला निघाल्यात. परवा तिकिटाची प्रिंट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ओ भाऊ, मुंबईतनं रात्री १ ला निघायचं आणि तिथं त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोचायचं, म्हणजे साडेसहाच तास की! तेवढ्यात तर आपली वंदे भारत सोलापूरहून मुंबई गाठती."

बरोबर बोलल्या हो, हिशोब कागदावरचाच होता! पण सोलापूर-मुंबई रेल्वेनं साडेचारशे किलोमीटर आणि मुंबई-न्यूयॉर्क सरळ मोजलं तर साडेबारा हजार. मेख घड्याळात आहे, उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं असतं (थंडीत साडेदहा, कारण ते लोक घड्याळ पुढंमागं करतात, कशाला ती कटकट देव जाणे), म्हणजे काकू खऱ्या १६ तास विमानात बसणार.

मग त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं, अरबस्तानावरनं सरळ डावीकडं. म्हटलं थांबा, घरात डाळिंब होतंच, त्यावर पेनानं दोन ठिपके काढले आणि चादरीचा एक दोरा ताणून धरला, तर दोरा वरच्या अंगानं देठाकडं सरकला बघा. पृथ्वी गोल असल्यानं सगळ्यात जवळची वाट नॉर्वेवरनं, आइसलंड-ग्रीनलंडच्या कडेनं जाते. अर्थात विमान अगदी दोऱ्यावरनं जाईलच असं नाही, वारं बघावं लागतं आणि कुणाचं आकाश बंद ते पण, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं बंद केलं तेव्हा आपल्या विमानांना वळसे पडलेच ना.

आता वाऱ्याचं. दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, कधीकधी ताशी २०० किलोमीटरच्या वर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर चौदा तासात पोचायला पाहिजे, पण जाताना हा वारा तोंडावर येतो, होटगी रोडला वाऱ्याविरुद्ध सायकल मारून बघा म्हणजे कळेल. येताना तोच पाठीवर, म्हणून साडेचौदा तासात मुंबई. पण गंमत अशी की दुपारी १२ ला तिकडनं निघालं तर इथं दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला उतरायचं, कागदावर अख्खा दिवस!

खरा प्रवास मात्र तिकिटावर नसतोच. काकू सकाळी ६ ला सोलापूर सोडणार, दुपारी मुंबई, मग रात्रीपर्यंत एअरपोर्टवर बॅगा सांभाळत बसणं, असं करत न्यूयॉर्कला विमान टेकेपर्यंत ३५ तास, त्यातले उडायचे फक्त १६.

काकूंनी सगळं ऐकलं, दोरा गुंडाळून ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे दोन दिवसाच्या शेंगाचटणी-भाकऱ्या बांधायला लागतील." आणि डाळिंब सोलायला घेतलं.