दिवा लावायला दिलेलं घर

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं दुबई, लंडन, न्यू जर्सीला राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी, आणि त्यांच्या इथल्या भावंडांसाठीही. विषय आहे गावाकडच्या घरावर दुसऱ्याचा कब्जा बसण्याचा.

कुलूप तोडून घुसणारे गुंड असतात, नाही असं नाही. पण वकिली करताना माझ्यासमोर येणारे बरेचसे तंटे एका गोड वाक्यापासून सुरू झालेले असतात: "राहा रे, तेवढाच घरात दिवा लागेल." किल्ली हातात पडते. दहा वर्षांनी मालक कोकणात उतरतो, तर दारावर दुसरीच पाटी, विजेचं बिल दुसऱ्याच नावावर, आणि परड्यात त्या माणसानं लावलेला फणस धरलेला!

दावा किती काळात लावायचा हे ठरवणाऱ्या १९६३ च्या मुदत कायद्यात बारा वर्षांची मेख आहे. तुमची मालकी झुगारून कुणी उघडपणे, सलग बारा वर्षं कब्जा ठेवला आणि तुम्ही दावा लावला नाहीत, तर हक्कच संपू शकतो. तुम्ही परदेशात होतात म्हणून मुदत थांबत नाही. मात्र तुम्हीच ठेवलेल्या माणसाचा कब्जा परवानगीचा. गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या घराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०१२ साली न्यायालयानं स्पष्टच सांगितलं: राखणदार कितीही वर्षं राहिला तरी त्याचा हक्क तयार होत नाही. पण राखणदार म्हणूनच ठेवला होता, हे दाखवणार कशानं? ज्या आजीसमोर बोलणं झालं, ती आता नसते.

म्हणून फुकट ठेवलंत तरी कागद करा, दोघांच्या सह्यांचा, दरवर्षी नवा. पैसे घेत असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक काळ राहायला परवानगी देण्याचा, करार नोंदवा. महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे. नोंदवला नाही तर अटींबाबत समोरचा सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. घरपट्टी, वीजबिल स्वतःच्याच नावावर ठेवा. सातबारा फोनवर दिसतो. 'इतर हक्क' या रकान्यात दुसऱ्या कुणाचं नाव चढलेलं नाही ना, हे अधूनमधून उघडून बघा. भावाला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार, देताना विक्रीचा अधिकार त्यात घालू नका. तिकडे केलेलं पत्र इथं आलं की तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे बरेच जण विसरतात.

आत्याच्या मुलाकडे सही मागायला जीभ रेटत नाही, ठाऊक आहे मला. गणपतीत घरी याल तेव्हा आरती आटोपली की दोन प्रती काढा. एक त्याच्याच हातात ठेवा.