गावच्या बँकेची नोट

श्रोतेहो, नमस्कार. नोटा जमवणारा माणूस आधी आकडा बघतो, मग नोट किती कोरी आहे ते. अमेरिकेतल्या जुन्या ‘नॅशनल’ नोटा, म्हणजे गावोगावच्या बँकांनी स्वतःच्या नावानं काढलेल्या नोटा, जमवणारा मात्र सगळ्यात आधी गावाचं नाव वाचतो.

१८६३ साल. तिकडे यादवी युद्ध पेटलेलं, सरकारला पैसा हवा होता. मग कायदा झाला: बँकेनं सरकारी रोखे घेऊन सरकारकडेच तारण ठेवायचे आणि त्यांच्या नव्वद टक्क्यांपर्यंत स्वतःच्या नावाच्या नोटा काढायच्या. गंमत बघा, आपल्याकडे दोनच वर्षं आधी, १८६१ च्या कायद्यानं, बँक ऑफ बॉम्बेसारख्या बँकांचा नोटा काढण्याचा हक्क सरकारनं स्वतःकडे घेतला होता. अमेरिकेत बँक बुडाली तरी नोट बुडत नसे, कारण तारण सरकारजवळ. १९०० साली छोट्या गावांत पंचवीस हजार डॉलरच्या भांडवलावर बँक काढायची मुभा मिळाली आणि अशा बँकांचं पेवच फुटलं. प्रत्येक बँकेला सनदेचा क्रमांक असे. पहिला फिलाडेल्फियाच्या बँकेचा. १९३५ साली हा कारभार थांबला तेव्हा आकडा चौदा हजारांच्या पुढे गेला होता.

नोटा सरकारकडून अख्ख्या तावांवर छापून येत. गावच्या बँकेत कॅशियर आणि प्रेसिडेंट त्यांवर सह्या करत, मग नोटा कापत. म्हणून कित्येकींच्या कडा तिरक्या. मला ती तिरकी कड फार आवडते. १९२९ पासून नोटा लहान झाल्या, सह्याही छापील आल्या. त्या स्वस्त मिळतात, पण हाताची खूण गेली.

इथे भाव ठरतो तो त्या बँकेच्या किती नोटा उरल्यात यावर. न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकेची करकरीत नोट सहज मिळते. तेच चार वर्षांत बंद पडलेल्या एखाद्या खेड्यातल्या बँकेची घडी पडलेली, फाटकी नोटही लिलावात तिला मागे टाकते. दोन डॉलरच्या जुन्या नोटेवर दोनाचा मोठा आकडा चक्क आडवा पडलेला आहे. तिला सगळे ‘लेझी ड्यूस’ म्हणतात. ती कुठल्याही गावची असो, महागच.

घेणार असाल तर सह्या भिंगाखाली बघा. शंभर वर्षांत पेनाची शाई फिकी पडते, आणि काही विक्रेते तीवरून नव्यानं गिरवतात. फिकी सही चालते. गिरवलेली दिसली, तर किंमत निम्मी सांगितली तरी सोडून द्या.