डाव्या पाट्याचा टाका

[दृश्य: सकाळ. इंदूरच्या राजेंद्रनगरातली गल्ली. बंद फाटकाआडून हातोड्याचे ठोके.]

रविवार, सकाळचे सात. घरोघरी पोह्यांना वाफ येतेय. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र एक पिन निघत नाहीये. आमच्या जुन्या जिप्सी गाडीच्या पाट्याच्या शॅकलची पिन. पाटा म्हणजे धक्के झेलणारी लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, शॅकल म्हणजे तिचं टोक गाडीला टांगणारी कडी. गंजून बुशला धरून बसलीय. रात्रभर डिझेलमध्ये भिजवली, सकाळी गॅसनं शेकली, आता हातोडा. तीन ठोके, थांबायचं, हात लावून बघायचं. पुन्हा तीन.

"जोर नको लावू भिया, आटे जातील."

हे बोलणारा आमचा वेल्डर. पोटापाण्यासाठी तो ग्रिल आणि फाटकं बनवतो. हातोडा ज्याच्या हातात आहे तो पीथमपूरच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. कोपऱ्यात स्टुलावर बसून ब्रेकचा पाइप साफ करणारी जिल्हा न्यायालयात वकिली करते. चौथा मी. घर माझं, म्हणजे खरं तर बाबांचं. आम्ही चौघं एकाच शाळेतले. सात वर्षांपासून बहुतेक रविवार या शेडमध्ये जातात.

[दृश्य: भिंतीवरचे पाने. प्रत्येकाची मूठ घासून गुळगुळीत झालेली.]

हे पाने बाबांचे. बाबा कापड मिलमध्ये फिटर होते. या शहरात अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. दिव्यांची आरास, आणि मान हलवणारा हत्ती, हात उचलणारी देवी, फिरणारं चक्र. बघणारा देवी बघतो. बाबांनी आम्हाला लहानपणी ट्रॉलीच्या मागे नेऊन खालून दाखवलं होतं: एक मोटर, एक पट्टा, सायकलची चेन आणि लाकडी कॅम. सगळं मिलच्या कामगारांनी पाळी संपल्यावर बसून केलेलं. मिल बंद झाली, पाने घरी आले. पहिल्या दिवशी आम्ही गाडी उघडायला घेतली तेव्हा बाबांनी एकच अट घातली होती. जो पाना जिथून उचलला, तो काम संपल्यावर तिथेच लागला पाहिजे.

[दृश्य: लोखंडी स्टँडच्या घोड्यांवर उभी जिप्सी. चाकं काढलेली. चेसिस उघडी.]

ही जिप्सी. मारुतीनं १९८५ साली बाजारात आणली तेव्हा इंजिन फक्त ९७० सीसीचं होतं. पुढे १२९८ सीसीचं आलं, आणि फौजेत, पोलिसांत, डोंगरातल्या रॅल्यांत ही गाडी तीसेक वर्षं टिकून राहिली. का टिकली ते खाली वाकून बघितलं की कळतं. शिडीसारखी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. पुढे-मागे अखंड एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा. चारही कोपऱ्यांना पाटे. वजन हजार किलोच्या आसपास. बिघडण्यासारखं फार काही नाहीच, आणि जे बिघडतं ते पान्यानं उघडतं.

आमच्याकडे आली तेव्हा हिच्या फरशीतून जमीन दिसत होती. इंजिन बरं होतं. चेसिस मागच्या बाजूला गंजानं खाल्लेली.

आता थोडं पाट्यांबद्दल, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

[दृश्य: एक्सलवर पाटा ठेवून मोजमाप. खडूच्या खुणा.]

जिप्सीचे पाटे एक्सलच्या खालून बांधलेले असतात. तेच एक्सलच्या वर आणले की गाडी पाच-एक इंच उचलली जाते आणि मोठे टायर बसतात. ऐकायला सोपं. एक्सलवर नवी बैठक वेल्ड करायची, यू-बोल्ट उलटे घालायचे, झालं. पण एक्सलची जागा बदलली की तिच्याशी जोडलेलं सगळं हलतं. ब्रेकचे पाइप तोकडे पडतात. स्टिअरिंगचा दांडा पाट्याला घासतो.

इंजिनाचा जोर एक्सलपर्यंत नेणारा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या दोन टोकांना दोन क्रॉस, म्हणजे वळणारे सांधे, असतात. शाफ्ट तिरका झाला की एक क्रॉस फिरताना प्रत्येक फेऱ्यात थोडा पुढे पळतो, थोडा मागे राहतो. दोन्ही टोकांचा कोन सारखा असेल तर एकाची चूक दुसरा फेडतो. कोन वेगळे झाले की गाडी थरथरते आणि क्रॉस झिजतो. मग एक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी पाचर घालून कोन जुळवायचा. पुढच्या एक्सलला तीच पाचर वेगळ्या कामाची. तिथे कोन चुकला तर वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही. अर्ध्या-अर्ध्या अंशासाठी आमचे तीन रविवार गेले. ते गेल्याचं मला जराही वाईट वाटत नाही. शाळेत कोनमापक हातात होता तेव्हा कोन कधी इतका खरा वाटला नव्हता.

दोन गोष्टी मात्र आम्ही घरी करत नाही. पाट्याला वेल्डिंग करत नाही, कारण त्या उष्णतेनं पाट्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कस, उतरतं आणि तो पुढच्या धक्क्याला मोडतो. आणि स्टिअरिंगच्या घडीव भागांना टाका, म्हणजे वेल्डिंगचा जोड, मारत नाही. तुटले तर नवे आणायचे, पैसे नसतील तर गाडी उभी ठेवायची.

[दृश्य: चेसिसवरचा जुना, फाटलेला जोड. कॅमेरा जवळ.]

हा तुकडा आम्ही जपून ठेवलाय.

मागच्या डाव्या पाट्याचं पुढचं टोक ज्यात बसतं, ते हँगर गंजून गेलं होतं. आम्ही नवं वेल्ड केलं. श्रावणातले दिवस, शेड गळत होती. टाका वरून देखणा आला होता, एकसारख्या लाटा. दिवाळीनंतर चोरल नदीच्या बाजूला पहिल्यांदा चढावर घेतली. स्टिअरिंगवर मी होतो. लो गियर, चाकं धरून चालली होती, आणि मागून बंदुकीसारखा आवाज आला.

चढावर मागची चाकं गाडीला पुढे ढकलतात. तो सगळा रेटा एक्सलमधून पाट्यात आणि पाट्याच्या पुढच्या टोकातून त्या हँगरमध्ये जातो. हँगर चेसिसपासून उपटलं. एक्सलची डावी बाजू पुढे सरकली, गाडी दरीकडे कलली आणि एका काळ्या धोंड्याला टेकून थांबली. मी दुसऱ्या बाजूनं उतरलो. कोणाला खरचटलंही नाही.

वेल्डर खाली वाकला, तुटलेली कड बघितली आणि कोणाशी काही बोलला नाही. पुढचे दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी मी आणि पीथमपूरवाला त्याच्या दुकानावर गेलो. तो तुकडा त्यानं मधोमध कापून ठेवला होता. "बघ," म्हणाला. वर लाटा, आत पोकळी. टाक्यात मुंगीच्या बिळांसारखी भोकं. पावसाळ्यात वेल्डिंगच्या रॉडनी दमट हवा ओढली होती. ओलसर रॉडमुळे टाक्यात वायू कोंडतो, भोकं पडतात, चीर धरते. वर जुना गंजही पुरता घासला नव्हता. गंज घासायचं काम माझं होतं. मी अर्ध्यावर सोडून चहाला गेलो होतो.

हे मी त्याला तिथे, दुकानात, ग्राहकांसमोर सांगितलं.

[दृश्य: रात्र. ग्राइंडरच्या ठिणग्या.]

मग सगळं पुन्हा. गंजलेला भाग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला. बॅटरीच्या तारा सोडवल्या, इंजिनचा कॉम्प्युटर बाजूला काढला, नाहीतर वेल्डिंगचा करंट त्याला खातो. रॉड भट्टीत सुकवून गरम डब्यात आणले. चेसिसवर आधाराची पट्टी चढवली, तिची टोकं निमुळती कापली, आणि शिडीच्या दांड्यावर आडवी रेघ ओढून वेल्डिंग केलं नाही. आडवा टाका म्हणजे "इथून मोड" असं चेसिसला लिहून देणं, असं वेल्डर म्हणतो. उजव्या बाजूचं हँगर तुटलेलं नव्हतं. तेही काढलं.

तेव्हापासून एक रीत पडली. घासणारा घासल्यावर टाके मारणाऱ्याला बोलावतो, तो बोट फिरवून हो म्हणतो, मगच रॉड पेटतो. आणि नव्या कामानंतर चढावर पहिली फेरी टाके मारणाऱ्याची.

[दृश्य: लोडिंग गाडीवर दोरांनी बांधलेली जिप्सी. खंडवा रस्ता.]

ही गाडी आम्ही रस्त्यावर चालवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्यानं दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरून निकाल दिला. आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच वर्षी हे वाचून दाखवलं होतं. म्हणून लोडिंगवर. जंगलात जात नाही. सिमरोलच्या पुढे वेल्डरच्या मामांची पडीक जमीन आहे, तिथेच.

[दृश्य: विंध्याची कड. खाली निमाडाकडे उतरणारी दरी.]

इथे माळवा संपतो. जानापावच्या डोंगरावरचं पाणी चंबळेतून उत्तरेला यमुनेकडे जातं, आणि चोरलचं पाणी खाली नर्मदेला. वर काळी माती, तिच्याखाली काळा दगड. उन्हाळ्यात या मातीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस पडला की तीच फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. खाचा भरल्या की कितीही मोठा टायर गुळगुळीत गोटा होतो. टायरमधली हवा तिसेक पौंडांवरून पंधरावर आणली की टायर पसरतो, दगडाला कवटाळतो. बाकी काम लो गियरचं आणि धीराचं.

वेल्डर गाडीत बसला. वकीलबाई पुढे उभ्या राहिल्या, कारण उतार त्यांना सगळ्यांपेक्षा नीट वाचता येतो. उजवा हात वर, मूठ बंद म्हणजे थांब. एक चाक हवेत गेलं. दोन चाकांत जोर वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलमध्ये रिकामं चाकच गरगर फिरतं आणि जमिनीवरचं बसून राहतं. त्यानं ब्रेक हलका दाबून धरला, जमिनीवरच्या चाकाला जोर मिळाला. मागे धोंडा तोच होता, काळा. गाडी त्याच्या बाजूनं वर गेली.

वर पोहोचल्यावर आम्ही ओरडलो. तो उतरून गाडीखाली गेला.

[दृश्य: पुढचा रविवार. शेड. धुतलेली चेसिस.]

पीथमपूरवाल्यानं दोन डबे आणलेत. पहिल्यात लाल रंग. जोडावर मारायचा, दहा मिनिटं थांबायचं. केसाएवढी चीर असली तरी रंग आत शिरतो. मग पुसून काढायचा, अगदी कोरडा. नंतर दुसऱ्या डब्यातली पांढरी फवारणी. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

उजवी बाजू आधी केली. पांढरी राहिली.

डाव्या बाजूला वेल्डर स्वतः फवारतो. कोणी बोलत नाही. घरात आईचा कुकर शिट्टी देतो. बाबा चष्मा लावून दारात येतात, गुडघ्यावर हात ठेवून वाकतात आणि बराच वेळ बघतात. पांढऱ्यावर काही नाही.

"पुसा आता," बाबा म्हणतात. "आणि आजच रंग लावा. उघडं ठेवाल तर चार दिवसांत गंज धरेल."