बुद्ध्यंक कळला, पुढे काय?

(पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बुद्धिमापनाला येणारे पालक एक प्रश्न तोंडाने विचारतात, "आमचं मूल खरंच प्रज्ञावान आहे का?" दुसरा प्रश्न बहुतेकदा विचारायचा राहून जातो. असेल, तर सोमवारपासून घरात आणि शाळेत काय बदलायचं? आज मी दुसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ देणार आहे. चाचणी होऊनही मुलाच्या हातातलं काम तेच राहणार असेल, तर ती केली काय आणि न केली काय, सारखंच.

आधी पालकांच्या मताबद्दल. शाळेत हमखास ऐकू येतं, "प्रत्येक आईला आपलं मूल हुशारच वाटतं." हे अर्धंच खरं आहे. पालक साक्षीदार म्हणून फार चांगले असतात, निवाडा करायला बसले की चुकतात. मूल घरी किती वेळ एका गोष्टीत गुंतून राहतं, काय विचारतं, काय मोडून पुन्हा जोडतं, हे शिक्षकांना चाळीस मुलांच्या वर्गात दिसत नाही. पण त्यावरून निष्कर्ष काढताना पालकांच्या नजरेसमोर तुलनेला दोनच मुलं असतात: चुलत भाऊ आणि शेजारचा. तिसऱ्या वर्षी बाराखडी म्हणून घेतलेली असते, तीही खूण म्हणून मोजली जाते. उलट बाजूने, मुलीच्या बाबतीत तीच क्षमता "समजूतदार आहे हो, अभ्यासू आहे" एवढ्यावर संपते. मुलाने रेडिओ उघडला की तो इंजिनिअर; मुलीने उघडला की पसारा.

म्हणून मत नको, नोंद हवी. शंभर पानी वही घ्या आणि सहा ते आठ आठवडे लिहा. रोज लिहायचं नाही, काही घडलं तरच. प्रत्येक नोंदीत तारीख, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, सुरुवात कोणी केली, किती मदत लागली आणि किती वेळ चाललं. "खूप छान प्रश्न विचारला" असं लिहू नका, प्रश्न लिहा. विशेषणं लिहिली की सहा आठवड्यांनी वहीत फक्त तुमचं कौतुक उरतं.

नोंद कशी असावी याचा नमुना देतो. समजा, दुसरीतल्या मुलीला कोणीतरी दाखवलं की नवाच्या पाढ्यातल्या प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज नऊ येते. तिने स्वतःहून आठाचा पाढा काढला. आठ; सोळाचे एक आणि सहा, सात; चोवीसचे सहा; बत्तीसचे पाच; चाळीसचे चार. अठ्ठेचाळीसला बारा आले, तिथे ती अडली आणि मग म्हणाली, "बाराचे पण परत करू, तीन." पुढे दोन, एक, आणि बहात्तरला नऊ. म्हणाली, "एकेक कमी होतंय, मग परत नवावर येतंय." सुरुवात तिची, मदत शून्य, वेळ पंचवीस मिनिटं. ही नोंद पहिल्या नंबराच्या प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त सांगते. नियम शोधला, नियम मोडतोय असं वाटल्यावर तो दुरुस्त केला आणि कोणी सांगितलेलं नसताना ती थांबली नाही.

आता इथे पालक काय करतात ते महत्त्वाचं. बहुतेक घरांत पुढच्या तीन गोष्टींपैकी एक होते. टाळ्या वाजतात आणि पाहुण्यांसमोर प्रयोग होतो. किंवा "हे परीक्षेला नाही" म्हणून वही मिटते. किंवा तिला तिसरीचं पुस्तक आणून दिलं जातं. तिन्हींत मुलीचा प्रश्न मागे पडतो. करायचं एवढंच: "सातच्या पाढ्यात काय होतं बघ." सात, पाच, तीन, एक, मग आठ, सहा, चार, दोन, नऊ. दोन-दोनने कमी. मग, "असं का होत असेल?" आठ मिळवणं म्हणजे नऊ मिळवून एक काढणं, इथवर ती चार दिवसांनी पोचली तरी चालेल. त्या चार दिवसांत उत्तर सांगू नका. पालकांना हे सगळ्यांत जड जातं.

पुढच्या इयत्तेचं पुस्तक देणं सोपं असतं, त्यामुळे सगळे तेच करतात. मूल वर्षभर पुढे जातं आणि वर्गात आणखी कंटाळतं. त्याच विषयात खोल नेणं कठीण असतं, कारण त्यासाठी मोठ्यांनाही थोडा विचार करावा लागतो.

आता चाचणी. वयाच्या पाचव्या वर्षापूर्वीचा बुद्ध्यंक फार हलतो, घाई नको. सहा-सातनंतर, आणि तेही काही निर्णय अडला असेल तरच. बुद्ध्यंकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, १५ धरलेलं असतं. १३०च्या वर साधारण २.३ टक्के मुलं येतात, म्हणजे चाळीसच्या वर्गात सरासरी एक. हा आकडा भिंतीवर लावण्याजोगा नाही, कारण त्याला चूक-पट्टा असतो. १२८ आला तर खरा आकडा १२२ ते १३४ यांच्यात कुठेही असू शकतो. १३०ला दार उघडणारी शाळा १२८च्या मुलाला नाकारते तेव्हा ती दोन मुलांमधला फरक मोजत नसते, त्या दिवशीची झोप मोजत असते. फार वरचा आकडा पुढच्या वेळी थोडा खाली येतो, हेही माहीत असू द्या. मूल मठ्ठ झालं असा त्याचा अर्थ नाही.

कोणती चाचणी लावली ते विचारा. आपल्याकडे बिने-कामत चाचणी अजून चालते. डॉ. कामत यांनी ती १९३०च्या दशकात धारवाडला मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. काम मोठंच होतं. पण तिचे निकष, म्हणजे तुलनेला धरलेले मुलांचे गुण, जुने, आणि बुद्ध्यंक मानसिक वयाला (कितव्या वर्षाच्या मुलाचे प्रश्न सुटतात ते वय) प्रत्यक्ष वयाने भागून काढायचा. निकष जुने झाले की आकडे फुगतात. नागपूरच्या डॉ. मालिन यांची १९६९ची चाचणीही याच कारणाने जपून वाचावी लागते. रेव्हनच्या आकृत्यांच्या चाचणीत भाषा जवळजवळ लागत नाही. घरात अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतला शब्दसंग्रह विचारून कमी ठरवण्यापेक्षा ती बरी. पण तिच्यातून शाब्दिक ताकद कळत नाही. म्हणून मानसतज्ज्ञांना चार गोष्टी विचाराच: चाचणीचं नाव, निकष कोणत्या वर्षीचे, उपचाचण्यांचे, म्हणजे चाचणीच्या एकेका भागाचे, वेगवेगळे गुण आणि चूक-पट्टा. अहवालात एकच आकडा असेल तर तो अहवाल अपुरा आहे. आणि नमुना प्रश्न आणून घरी सराव घेऊ नका. सराव केलेल्या मुलाचा गुण वाढतो, त्याची क्षमता तिथेच राहते, आणि पुढचे सगळे निर्णय त्या फुगलेल्या आकड्यावर उभे राहतात.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारे, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे यांच्यासाठी मी दोन वाक्यंच खर्च करतो. ठशांचा बुद्धीशी संबंध जोडणाऱ्या या धंद्याला शास्त्रीय आधार नाही. पट्टीच्या खाली नाकाजवळ फट असते, मूल तिथून वाचतं.

शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडे "स्कॉलरशिपला आला" हीच ओळख मानली जाते. इयत्ता बदलत राहिल्या, पण मांडणी अशी आहे: दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. यात वेग, अचूकपणा आणि सराव मोजला जातो. वर्षभर प्रश्नसंच सोडवलेलं साधारण हुशार मूल यात चमकतं, आणि एका उदाहरणावर वीस मिनिटं रेंगाळणारं मूल मागे पडतं. वरच्या टोकाला तर गुणांची कमाल मर्यादाच आड येते. दोन मुलांना जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले तर त्यांच्यातला फरक पेपरला दिसू शकत नाही. यावर उपाय जुना आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१पासून बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मोठ्या मुलांची कॉलेज-प्रवेशाची परीक्षा द्यायला लावली. घरी हे सहज जमतं. पाचवीच्या मुलाला आठवीच्या शिष्यवृत्तीच्या जुन्या पेपरातला गणिताचा भाग द्या, वेळ लावू नका, आणि उत्तरांपेक्षा कच्चं काम बघा. न शिकवलेलं त्याने कसं काढलं, तिथे खरी माहिती असते.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा या बाबतीत जास्त शहाणी आहे. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत. पण प्रकल्पही क्लासवालेच बसवून देऊ लागले, त्याला स्पर्धा तरी काय करणार.

एकाच चाळणीवर विसंबलं की काय होतं याचं उदाहरण जगप्रसिद्ध आहे. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१मध्ये कॅलिफोर्नियात बुद्ध्यंकावर मुलं निवडली. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांची चाचणी झाली आणि दोघेही गळले. पुढे दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८मध्ये. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२मध्ये ज्ञान प्रबोधिनी आणि १९६९मध्ये तिची प्रशाला सुरू केली, तिथल्या निवडीमागे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांची बुद्धीला अनेक घटकांत पाहणारी मांडणी आहे. एका आकड्यापेक्षा ही दिशा बरी. पण अशा शाळेत जागा थोड्या. ग्रामीण मुलांसाठी सहावीपासून नवोदय आहे, तिथेही जागा मोजक्याच. बाकीच्यांची शाळा तीच राहणार, म्हणून त्याच शाळेत काय मागायचं ते ठरवू.

"माझ्या मुलाला आव्हान द्या" असं शिक्षकांना सांगू नका. त्यावर त्यांना काहीच करता येत नाही. एक विषय, एक धडा घेऊन जा. धडा सुरू होण्याआधी त्याच्या शेवटच्या उदाहरणसंग्रहातली दहा अवघड उदाहरणं मुलाला द्यायची. आठ किंवा नऊ रीतीसह बरोबर आली, तर त्या धड्याच्या सरावातून सूट. जी एक-दोन अडली, तेवढाच भाग वर्गात लक्ष देऊन ऐकायचा. वाचलेल्या तासिकांत काय करायचं ते आधीच लिहून ठरवायचं, एका वेळी एकच काम, आणि ते मुलाला एकट्याने करता येण्यासारखं. घटक चाचणी मात्र सगळ्यांसोबत द्यायची. त्यात गुण घसरले तर पुढच्या धड्याला सूट नाही, हे शिक्षक, पालक आणि मूल या तिघांना मान्य हवं.

हे फसतं ते बहुधा एकाच ठिकाणी. जादा काम सरावाऐवजी न देता सरावाच्या जोडीला वर दिलं जातं. वीस गणितं लवकर सोडवल्याचं बक्षीस म्हणून आणखी वीस. मूल आठवड्याभरात शिकतं की सावकाश करण्यात फायदा आहे. दुसरी युक्ती म्हणजे त्याला कच्च्या मुलांना शिकवायला बसवणं. अधूनमधून ठीक, रोज केलं तर दोन्ही मुलांचं नुकसान.

घरच्या कामाची अवघडी कशी मोजायची? दहापैकी सहा-सात जमावीत, तीन-चार अडावीत. दहाच्या दहा येत असतील तर काम सोपं आहे, शाबासकी देऊ नका, काम बदला. दहावीपर्यंत कधीच न अडलेलं मूल अकरावीत पहिल्यांदा अडतं तेव्हा "मला येत नाही" हे वाक्य त्याच्याकडे पहिल्यांदाच आलेलं असतं, आणि त्याच वर्षी जेईईचा क्लास सुरू असतो. आठव्या वर्षी अडण्याची सवय स्वस्तात होते.

एका प्रकारच्या मुलाकडे विशेष लक्ष द्या: तोंडी सुसाट, लेखी अडखळत. अहवालात शाब्दिक आकलन १४० आणि काम करण्याचा वेग ९० असेल, तर एकूण आकडा मधलाच कुठला तरी येतो आणि घरात सगळे निश्चिंत होतात. वर्गात त्याला आळशी म्हणतात. इथे एकूण आकडा बाजूला ठेवून आधी वाचन-लेखनाची अध्ययन-अक्षमतेसाठी तपासणी करून घ्या, आणि त्याच वेळी अवघड काम तोंडी द्या. "आधी शुद्धलेखन सुधारू दे, मग बघू" असं म्हणत बसलात तर दोन वर्षं जातात आणि मूल शाळेवर रुसतं.

राहिला प्रश्न मुलाला आकडा सांगायचा का. सांगू नका, नातेवाइकांना तर मुळीच नको. मुलाने विचारलंच तर उपचाचण्यांच्या भाषेत सांगा: आकृत्या जुळवणं तुला पटकन जमतं, ऐकलेलं लक्षात ठेवायला वेळ लागतो. अहवालाची मूळ प्रत फायलीत आणि नोंदवही तिच्याच शेजारी. दोन-तीन वर्षांनी शाळा बदलायची वेळ आली आणि पुन्हा चाचणी करायची ठरली, तर मानसतज्ज्ञांकडे दोन्ही घेऊन जा. वही आधी द्या.