फ्रीझरच्या भिंतीला भोक न पाडता

मित्रहो, घरी बिअर करणाऱ्या माणसाला सुरुवातीचे काही घाणे बाटल्या धुण्याचे काहीच वाटत नाही. 19 लिटरच्या एका घाण्याला 330 मिलिलिटरच्या सुमारे 57 बाटल्या लागतात, आणि त्या धुवायच्या, निर्जंतुक करायच्या, भरायच्या, त्यांना बुचे लावायची हे सगळे तो हौसेने करतो. पुढे कधीतरी हौस आटते, बाटल्या मात्र तेवढ्याच राहतात. मग तो केगकडे, म्हणजे बिअर दाबाखाली साठवणाऱ्या धातूच्या बंद पिंपाकडे वळतो, केग थंड ठेवायला आडवा, पेटीसारखा डीप फ्रीझर आणतो आणि त्याला तोट्या बसवतो. केग आणि फ्रीझर या दोन शब्दांची मोट बांधून या यंत्राला 'कीझर' म्हणतात. आज मी त्याच्या एका हट्टी प्रकाराविषयी बोलणार आहे: एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, अंगणात, मांडवात ढकलत नेता येईल अशा कीझरविषयी.

पहिलीच गोष्ट फ्रीझरच्या शरीराची. शीतकपाटाच्या मागे जी काळी जाळी दिसते, ती या फ्रीझरला बहुधा नसते. उष्णता बाहेर टाकणारी नळी बाहेरच्या पत्र्याच्या लगेच मागे, उष्णतारोधक फोमच्या थरात गाडलेली असते, म्हणूनच चालू फ्रीझरच्या कुशीला हात लावला की ती कोमट लागते. थंड करणारी नळी आतल्या पत्र्यामागे वेटोळी घालून बसलेली असते. बाहेरून पाहून यांतली एकही दिसत नाही. तेव्हा समोरच्या भिंतीला ड्रिल लावणे म्हणजे डोळे मिटून शीर शोधण्यासारखे आहे. नळी फुटली तर फ्रीझर कायमचा निकामी होतो, आणि अलीकडच्या बऱ्याच फ्रीझरमध्ये शीतकारक म्हणून आयसोब्युटेन असतो, जो ज्वलनशील आहे. म्हणून मी स्वतःला एक बंधन घालून घेतले: जे काही जोडायचे ते पेटीच्या वर किंवा पेटीच्या खाली, पेटीला हात लावायचा नाही. पुढची सगळी रचना या बंधनातूनच निघते.

वरची जोड म्हणजे कॉलर. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये बसणारी, सुमारे 15 सेंटीमीटर उंच आणि 4 सेंटीमीटर जाड फळ्यांची ही चौकट असते. तोट्या, गॅसची नळी, तापमापकाची तार यांची सगळी भोके या लाकडातच पडतात. ही कॉलर पेटीला चिकटवावी की झाकणाला, यावर घरी बिअर करणाऱ्यांत दोन तट आहेत. पेटीला चिकटवली तर झाकण उघडताना तोट्या जागच्या जागी राहतात, पण भरलेला केग 15 सेंटीमीटर अधिक उंच उचलून आत सोडावा लागतो. भरलेला केग साधारण 23 किलोचा असतो आणि तो हात लांब करून, ओणवे होऊन उचलावा लागतो. कंबर तिथेच धरते. म्हणून मी कॉलर झाकणाला जोडली. बिजागऱ्यांचा खालचा भाग कंपनीने पाडलेल्या मूळ भोकांतच बसतो, म्हणजे नियम मोडत नाही. कॉलरच्या खालच्या कडेला दाबली जाणारी रबरी पट्टी लावली की थंडी बाहेर झिरपत नाही. यात गैरसोय एवढीच की झाकण आता जड होते आणि मूळ स्प्रिंगला पेलवत नाही. त्याला टेकू द्यावा लागतो, नाहीतर ते बोटांवर आदळते.

फ्रीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट उणे 18 अंशांच्या आसपास जाण्यासाठी बनवलेला असतो. नेहमीच्या बिअरचा बर्फ उणे 2–3 अंशांनाच होऊ लागतो. म्हणून फ्रीझरची पिन बाहेरच्या तापमान-नियंत्रकात खोचायची आणि 4 अंशांना वीज तोडायला सांगायचे. नियंत्रकाचा संवेदक हवेत लोंबकळत ठेवला तर झाकण उघडताच तो घाबरतो, कॉम्प्रेसर सतत चालू-बंद होतो आणि लवकर मरतो. संवेदक केगच्या अंगाला चिकटवून वरून फोमचा तुकडा बांधावा, आणि दोन सुरुवातींमध्ये किमान तीन ते पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. इथे थोडे गणित करू. 19 लिटर बिअर 20 अंशांवरून 4 अंशांवर आणायची तर पाण्याच्या हिशेबाने सुमारे 1,280 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. फ्रीझर खरोखर 100 वॅट वेगाने उष्णता उपसत असेल, तरी एका केगला साडेतीन तास आणि चार केगना चौदा तास लागतील. म्हणून सकाळी कोमट केग ठेवून संध्याकाळी पाहुण्यांना बोलावू नये.

आता फेसाकडे वळतो, कारण माझ्या पहिल्या कीझरमधून पहिल्या दिवशी बिअर आलीच नाही, आला तो नुसता फेस. ग्लासात तीन बोटे पिवळे आणि वर सगळे पांढरे. केगमधली बिअर तोटीकडे ढकलतो तो सिलिंडरमधून सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब. मी तो दाब कमी केला, तर दोन दिवसांत बिअर मचूळ झाली. दोष दाबाचा नव्हताच. द्रवात किती वायू विरघळेल हे त्यावरच्या वायूच्या दाबावर अवलंबून असते, हे विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये मांडले. आणि तापमान जितके कमी, तितका अधिक वायू विरघळतो. 4 अंशांना 0.8 बार दाब ठेवला की एक लिटर बिअरमध्ये सुमारे अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड मुरतो, आणि बहुतेक बिअरना तेवढा शोभतो. हाच वायू वाटेत गरम जागा लागली की बुडबुडे होऊन सुटतो. थंड हवा जड असल्याने तळाशी बसते. माझ्या पेटीत तळाशी 3 अंश असताना कॉलरजवळ 9 अंश भरले, आणि तोटीचे धातू तर खोलीइतकेच गरम होते. तळातून वर हवा फेकणारा संगणकातला एक छोटा पंखा बसवला आणि हा फरक एका अंशावर आला.

उरलेला फेस नळीने घालवला. केगमध्ये 0.8 बार दाब आहे आणि तोटीबाहेर काहीच नाही. मधला सगळा दाब बिअरने वाटेत घर्षणात खर्च करावा, म्हणजे ती ग्लासात शांतपणे उतरते. आतून 5 मिलिमीटर व्यासाची नळी अडीच-तीन मीटर लांब घेतली की हे साधते. एवढी नळी पाहून नवखा माणूस ती कापायला धावतो, त्याला थांबवावे. लांब नळी नंतर कापता येते, तोकडी वाढवता येत नाही. वेटोळे करून केगच्या डोक्यावर ठेवले की ती थंडही राहते.

आता खालची जोड. चार भरलेले केग 94 किलो, फ्रीझर 40, सिलिंडर 6, कॉलर, तोट्या आणि गाडी मिळून 20: म्हणजे 160 किलो. चार चाकांवर प्रत्येकी 40 असा भाबडा हिशेब मी पहिल्यांदा केला आणि 50 किलो पेलणारी चाके लावली. जमीन मात्र कधीच सपाट नसते. एक चाक अधांतरी राहते आणि भार तिघांवर येतो. दाराच्या उंबऱ्यावरून गाडी ढकलली, पुढचे चाक चढले, मागचे वळून आडवे झाले आणि त्याची खुंटी वाकली. चार केगसह फ्रीझर उंबऱ्यावर तिरका अडकून राहिला. केग एकेक करून उपसल्याशिवाय तो हलला नाही. तेव्हापासून मी एकूण वजनाला तीनाने भागतो, वर निम्मे आणखी धरतो, आणि किमान 10 सेंटीमीटर व्यासाची रबरी चाके घेतो. चाके फ्रीझरच्या बुडाला कधीही ठोकू नयेत, तिथला पत्रा पातळ असतो. जाड लाकडाची वेगळी चौकट करून फ्रीझर तिच्यात बसवावा, ढकलायची मूठ त्या चौकटीलाच लावावी, आणि कॉम्प्रेसरच्या बाजूची हवेची जाळी मोकळी ठेवावी.

हलण्याचे आणखी दोन परिणाम आहेत. बिअरच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो आणि केगमधली बिअर वर नेणारी नळी तळापर्यंत जाते. गाडी हलली की गाळ उठतो आणि पहिले ग्लास गढूळ येतात. यावर तरंगणाऱ्या टोकाची नळी हा उत्तम उपाय आहे. ती पृष्ठभागाजवळची, निवळलेली बिअर ओढते. दुसरी गोष्ट सिलिंडरची. त्यातला कार्बन डायऑक्साइड द्रवरूप असतो. सिलिंडर आडवा पडला की तो द्रव रेग्युलेटरमध्ये, म्हणजे वायूचा दाब कमी करून सोडणाऱ्या झडपेत, शिरतो. म्हणून कॉम्प्रेसरच्या उंचवट्यावर तो उभा ठेवून पट्ट्याने आवळावा. द्रव शिल्लक असेपर्यंत दाबमापकाचा काटा जागचा हलत नाही, त्यामुळे गॅस किती उरला हे काट्याने नव्हे, वजनकाट्याने कळते.

या वायूविषयी एक इशारा द्यायलाच हवा. 2.3 किलोचा भरलेला सिलिंडर संपूर्ण गळला तर सव्वा घनमीटर वायू होतो. तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने पेटीत विहिरीसारखा साचतो. सकाळी झाकण उघडल्यावर लगेच डोके आत घालू नये. थोडा वेळ वारा लागू द्यावा. प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी सोडून बुडबुडे येतात का ते पाहणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

हलवायच्या दिवशी मी आदल्या रात्रीच फ्रीझर 3 अंशांपर्यंत उतरवतो. वीज काढल्यावर भीती वाटते खरी, पण चार केगमधली बिअर हाच थंडीचा मोठा साठा असतो. 30 वॅट उष्णता आत झिरपत असेल तर ती एका अंशाने तापायला सुमारे तीन तास लागतात. गाडी जागेवर नेली की चारही चाकांचे ब्रेक लावतो आणि झाकणावर पाणसळ ठेवून पाहतो. उंबरा ओलांडताना फ्रीझर कलला असेल, तर कॉम्प्रेसरमधले तेल खाली उतरेपर्यंत काही तास वीज जोडत नाही, आणि तोट्या तेवढ्यात उघडत नाही.