न्यायप्रविष्ट

२४ सप्टेंबर १९७२ हा रविवार होता. लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये त्या दिवशी थॅलिडोमाइड या औषधामुळे व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांविषयी एक लेख प्रसिद्ध झाला आणि या मुलांना मिळालेली वागणूक साऱ्या राष्ट्राने लाज बाळगावी अशी आहे, असे त्याच्या मथळ्यातच बजावलेले होते. लेखाच्या शेवटी एक टीप होती. ही शोकांतिका मुळात घडली कशी, याचा मागोवा पुढील एका लेखात घेतला जाईल, एवढेच तिच्यात म्हटले होते. टिपेत कबूल केलेला तो लेख वाचकांच्या हाती पडण्यासाठी मात्र पावणेचार वर्षे जावी लागली.

थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध जर्मनीतील ग्रुनेन्थाल या कंपनीने १९५७ साली बाजारात आणले. ब्रिटनमध्ये ते १९५८ पासून ‘डिस्टाव्हल’ या नावाने विकले जाऊ लागले आणि विकणारी डिस्टिलर्स ही कंपनी मूळची व्हिस्की आणि जिनच्या धंद्यातली होती. गरोदर स्त्रियांनाही ते निर्धोक असल्याचे सांगितले जात असे आणि मळमळ व अस्वस्थता यांवर डॉक्टर ते बिनदिक्कत लिहून देत. खांद्यालाच पंजे फुटलेली, हात-पाय नसलेली किंवा खुरटलेली मुले जन्माला येऊ लागल्यावर जर्मनीत विडुकिंट लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी या औषधाकडे बोट दाखवले आणि १९६१ च्या अखेरीस ते मागे घेण्यात आले. तोवर जगभरात सुमारे १० हजार बालके त्याच्या तडाख्यात सापडली होती.

ब्रिटनमधील पालकांनी १९६२ पासून डिस्टिलर्सवर दावे लावले आणि नेमके तेथेच सारे अडले. न्यायालयात प्रलंबित असलेल्या खटल्याविषयी वृत्तपत्राने मतप्रदर्शन केले, तर तो न्यायालयाचा अवमान ठरे. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे वाक्य आपल्याकडील पत्रकार परिषदांमुळे आपल्यालाही तोंडपाठ आहे. पण तिकडे या वाक्याच्या आड एक अख्खे दशक लोटले. सरकारने सार्वजनिक चौकशी नेमली नाही आणि खटले सुनावणीपर्यंत न जाता वाटाघाटींतच रेंगाळत राहिले. १९६८ मध्ये ६२ मुलांच्या बाबतीत तडजोड झाली, तीही पूर्ण भरपाईच्या केवळ ४० टक्के रकमेवर आणि कंपनीवरील निष्काळजीपणाचा आरोप मागे घेण्याच्या अटीवर. १९७१ मध्ये आणखी ३८९ दावे पडून होते.

‘संडे टाइम्स’च्या संपादकाच्या खुर्चीत १९६७ पासून हॅरल्ड इव्हान्स होते. ते आगगाडीच्या इंजिनचालकाचा मुलगा. वयाच्या बाराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, १९४० च्या उन्हाळ्यात, वेल्समधील ऱ्हिल येथील समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधील डंकर्कहून माघार घेऊन परतलेले थकलेभागले, खचलेले सैनिक पाहिले होते आणि त्याच सैनिकांच्या दुर्दम्य उत्साहाचे वर्णन वर्तमानपत्रांत वाचले होते. छापलेले आणि पाहिलेले यांतील ती फट त्यांच्या मनातून कधी गेली नाही, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पुढे डार्लिंग्टनच्या ‘नॉर्दर्न एको’ या प्रादेशिक दैनिकाचे संपादक असताना कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये साध्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाल्याची एक छोटीशी बातमी त्यांच्या नजरेस पडली. त्यांनी वार्ताहराला कामाला लावले आणि ब्रिटनमध्ये अशी तपासणी सर्वत्र सुरू व्हावी म्हणून चिकाटीने मोहीम चालवली. लंडनला येताना ही चिकाटी त्यांच्याबरोबर आली.

‘संडे टाइम्स’मध्ये ‘इनसाइट’ हा शोधपत्रकारांचा गट आधीपासूनच होता. थॅलिडोमाइडवर काम करणाऱ्यांत ब्रूस पेज, एलेन पॉटर आणि फिलिप नाइटली ही नावे ठळक आहेत. यांतील नाइटली हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ साठच्या दशकाच्या आरंभी मुंबईत ‘इंप्रिंट’ नावाचे मासिक चालवत होते आणि त्या मासिकामागचा पैसा अमेरिकी गुप्तहेर संघटनेचा होता, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी समजले. शोधपत्रकाराच्याच नाकाखाली हे घडावे, ही गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. असो. डिस्टिलर्सची अंतर्गत कागदपत्रे पालकांच्या वकिलांसाठी काम करणाऱ्या एका औषधतज्ज्ञाकडून वृत्तपत्राने पैसे मोजून मिळवली. माहिती विकत घ्यावी का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. पण मिळालेली कागदपत्रे छापता मात्र येत नव्हती.

येथे इव्हान्स यांचे संपादक म्हणून वेगळेपण दिसते आणि माझ्या मते ते धाडसापेक्षा युक्तीत अधिक आहे. कंपनी कायद्याने दोषी आहे की नाही, हे आपण बोलायचेच नाही; नुकसानभरपाई म्हणून ती जे देऊ करते आहे ते माणुसकीला धरून आहे का, एवढेच विचारायचे, असा मार्ग वृत्तपत्राचे कायदा सल्लागार जेम्स इव्हान्स यांच्या विचाराने निघाला. हे जेम्स इव्हान्स संपादकांचे नातलग नव्हेत. कंपनीने उरलेल्या मुलांसाठी देऊ केलेला निधी सुमारे साडेबत्तीस लाख पौंडांचा होता. लेखाने त्याच्या शेजारी कंपनीचा आदल्या वर्षाचा करपूर्व नफा ठेवला, ६ कोटी ४८ लाख पौंड, आणि मालमत्ता ठेवली, ४२ कोटी १० लाख पौंड. निवाडा वाचकांवर सोडला.

डिस्टिलर्स ही या वृत्तपत्राची सर्वांत मोठी जाहिरातदार होती. वर्षाला सुमारे सहा लाख पौंडांच्या जाहिराती ती देत असे आणि त्या तिने बंद केल्या. मालक रॉय थॉमसन यांनी संपादकीय कामात हस्तक्षेप न करण्याचे वचन जाहीरपणे दिलेले होते आणि या प्रसंगी ते पाळले गेले. संपादकाचे मोठेपण सांगताना मालकाची ही बाजू आपण सहसा विसरतो. याच इव्हान्स यांनी १९८१ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या मालकीखाली ‘टाइम्स’चे संपादकपद स्वीकारले, तेव्हा ते तेथे जेमतेम एक वर्ष टिकले.

पुढच्या लेखाचा मसुदा इव्हान्स यांनी स्वतःच महान्यायवादींकडे आणि कंपनीकडे पाठवून दिला. नोव्हेंबर १९७२ मध्ये न्यायालयाने त्याच्या प्रसिद्धीला मनाई केली. मात्र नैतिक प्रश्नाला मनाई नव्हती. स्वतः बहिरेपणाशी झुंजणारे खासदार जॅक ॲश्ली यांनी तो संसदेत नेला आणि २९ नोव्हेंबरला तेथे चर्चा झाली. कंपनीच्या मालावर बहिष्काराची भाषा सुरू झाली आणि तिचे बडे भागधारकही कुरकुरू लागले. जानेवारी १९७३ मध्ये डिस्टिलर्सची तयारी दोन कोटी पौंडांपर्यंत गेली.

मनाईचा प्रवास मात्र संपला नव्हता. अपील न्यायालयाने ती उठवली, तर जुलै १९७३ मध्ये, तेव्हा देशातील सर्वोच्च न्यायालयाचेही काम पाहणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ती पुन्हा बसवली. इव्हान्स आणि त्यांचे सहकारी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. तेथे २६ एप्रिल १९७९ रोजी ११ विरुद्ध ९ अशा मतांनी निकाल लागला की, या मनाईने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला होता. त्यानंतर ब्रिटनला १९८१ मध्ये न्यायालयीन अवमानाचा कायदा नव्याने करावा लागला.

नाइटली यांनी आपल्या आठवणींत या मोहिमेविषयी कौतुकापेक्षा खंतच अधिक नोंदवली. ती सांगितली जाते तितकी यशस्वी नव्हती आणि आम्हाला फार उशीर झाला, असा त्यांचा सूर आहे. कागदपत्रे हाती आल्यापासून पहिला मोठा लेख येईपर्यंतची वर्षे मोजली, तर त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण जाते.

तो अडवलेला लेख २७ जून १९७६ रोजी छापून आला. मनाई चारच दिवस आधी उठवण्यात आली होती, आणि तीही महान्यायवादींच्याच अर्जावरून. ज्या मुलांविषयी तो लिहिला होता, ती तोवर शाळा संपवण्याच्या वयाला आली होती.