अँटिबायोटिक संपलं की इन्फेक्शन परत? एकदा शेपटी उचलून बघा

नमस्कार मंडळी! अवघड जागी दुखणं म्हणतात ना, आजचा विषय अगदी तोच.

कुत्रीला लघवीचं इन्फेक्शन होतं. कोर्स केला की थोडे दिवस बरं. मग पुन्हा थेंबथेंब शू, पुन्हा चाटणं, पुन्हा तोच वास. औषधं बदलतात, खाणं बदलतं, पण शेपटी उचलून नीट बघायचं मात्र राहून जातं.

हे बघा, ही माझी मूठ आणि ही शर्टाची बाही. बाही अशी पुढे ओढली की मूठ आत दडली. काही माद्यांचं योनीमुख असंच कातडीच्या घडीखाली दडलेलं असतं. घडी आपल्या बोटांनी बाजूला करावी लागते. आत शू साचते, ओल राहते, वारा लागत नाही. जंतू आणि यीस्ट, दोघांचीही सोय झाली! कातडी लाल होते, सोलवटते. त्यात मादीचा मूत्रमार्ग नरापेक्षा आखूड आणि रुंद, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत सहज चढतात. अँटिबायोटिक जंतू मारतं, घडी सरळ करत नाही.

यावर ऑपरेशन आहे, एपिसिओप्लास्टी. नाव भारदस्त असलं तरी काम कातडीचंच. भूल देऊन योनीमुखाच्या वर आणि दोन्ही बाजूंनी घोड्याच्या नालेच्या आकाराची जादा कातडी काढायची आणि कडा शिवायच्या. योनीमुख बाहेर येतं, जागा कोरडी राहते. जागा गुदद्वाराच्या अगदी खाली, म्हणून शी लागू नये यासाठी बरेच सर्जन ऑपरेशन चालू असेपर्यंत गुदद्वारही टाक्याने आवळून ठेवतात. खरं कसब मात्र मोजमापात आहे. कमी काढली तर घडी उरते, जास्त काढली तर टाक्यांवर ताण येऊन जखम उसवते. म्हणून सुरी लावायच्या आधी कातडी चिमटीत धरून अंदाज घेतात.

पण लगेच ऑपरेशनची तारीख घेऊ नका. जाड कुत्रीचं आधी वजन उतरवा. चरबीमुळे घडी वाढते, आणि कधी कधी वजन उतरल्यावर ऑपरेशनची गरजच उरत नाही. पिल्लू असेल आणि पहिली हीट, म्हणजे पहिला माज, यायची असेल, तर डॉक्टरांना विचारा की थांबावं का. हीटमध्ये तो भाग सुजून मोठा होतो आणि पुष्कळदा नंतरही थोडा बाहेरच राहतो. घाईने नसबंदी केली तर ही संधी जाते.

शिवाय मूत्राशयात खडे आहेत का, किडनीतून मूत्राशयात लघवी आणणारी नळी जन्मतः चुकीच्या जागी उघडतेय का, हे सोनोग्राफीसारख्या तपासण्यांतून बघायला हवं. लघवीचं कल्चर, म्हणजे त्यात कुठले जंतू वाढतात याची तपासणीही हवी, आणि तो नमुना सुईने थेट मूत्राशयातून घेतलेला. फरशीवरून टिपलेल्या लघवीत फरशीचेही जंतू येतात! कातडीचं इन्फेक्शन चालू असेल तर तेही आधी आटोक्यात आणायचं.

ऑपरेशननंतर काही दिवस सूज आणि काळंनिळं दिसतं, घाबरू नका. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. तोवर चाटू न देणारी ती शंकूसारखी कॉलर गळ्यात चोवीस तास. ती केविलवाण्या डोळ्यांनी बघेल, दारांना धडकेल, तुमच्या पोटऱ्या सोलेल. तरी काढायची नाही. पाच मिनिटं चाटायला मिळाली तर टाके गेलेच समजा.